ओठांना आवाज जुळवताना

५ मार्च, बुधवार

नवरा म्हणाला, "माझं डोकं खाण्यापेक्षा वहीचं खा." म्हणून ही वही. तो शाळेत शिकवतो, त्यामुळे घरात कोऱ्या वह्यांना तोटा नाही. तोटा आहे तो माझं ऐकून घेणाऱ्या माणसांचा.

आज घंटावाला पुन्हा आला होता. दारावरच्या घंटा बनवणाऱ्या कंपनीचा मॅनेजर. माणूस सज्जन आहे, तेच वाईट. म्हणाला, "मॅडम, महिनाअखेरपर्यंत सही करून कागद पाठवा, तोवर जागा धरून ठेवतो." घंटेचा आवाज गोड करायचा, हे माझं काम. इतकी वर्षं सिनेमाच्या आवाजासाठी यंत्रं जोडली आणि आता दारात कोण आलंय ते गोड आवाजात सांगायचं.

ताडकन नाही म्हणायची सोय नाही. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उभा केलेला रेकॉर्डर आजही या धंद्यातल्या निम्म्या लोकांच्या खांद्यावर लटकतोय. पण त्याच्या पोटातला मुख्य भाग बनवणंच कारखान्यानं बंद केलं. आमच्याकडचा साठा संपला. आता मी केलेलं नवं यंत्र चाललं तर ही कार्यशाळा चालेल. नाही चाललं तर शटर खाली, बाबा घरात बसणार आणि मी घंटावाली.

आणि ते चालणार की नाही हे ठरवणार कोण, तर माझी नणंद. ती साउंड रेकॉर्डिस्ट आहे, धंद्यात तिचा शब्द चालतो. येत्या सिनेमाला जुन्या यंत्राच्या जोडीला माझं नवं लावून बघते म्हणाली. शूटिंग संपेपर्यंत ते तिच्या पसंतीस उतरलं तर बाकीचे डोळे मिटून घेतील. नाही उतरलं तर कुणी ढुंकून बघणार नाही. मी तिला वन्सं म्हणते, कारण ते तिला आवडत नाही. थोडक्यात, माझी मान वन्संच्या हातात. बघवत नाही.

८ मार्च, शनिवार

नव्या यंत्राचे तीनही नग तयार. आज घड्याळं लावली.

नवऱ्याला समजावलं ते इथेही लिहून ठेवते, कारण त्याला समजलं नाही. कॅमेरा फक्त चित्र घेतो, रेकॉर्डर फक्त आवाज. दोघांच्या पोटात आपापलं घड्याळ असतं. सकाळी दोन्ही घड्याळं मिळवायची आणि कामाला लागायचं. नंतर एडिटर त्या घड्याळांच्या वेळा बघून चित्राला आवाज जोडतो. एक घड्याळ जरासं जरी रेंगाळलं तरी संध्याकाळपर्यंत नटाचे ओठ एकीकडे आणि बोलणं भलतीकडे. म्हणून घड्याळातला क्रिस्टल, म्हणजे त्याला ठेका देणारा स्फटिक, डोळ्यांत तेल घालून जपायचा. मी यात मिळाला तो सगळ्यांत चांगला टाकलाय. फ्रिजमध्ये अंड्यांशेजारी ठेवून पाहिला, गरम पाण्याच्या टाकीवर ठेवून पाहिला, पठ्ठ्या हलला नाही.

फक्त कारखान्यातून आले ते तिन्ही किंचित घाईचे निघाले. मास्तरांशी ताडून बारीक स्क्रू फिरवला आणि तिघांचेही कान पिळले. आता मास्तरांच्या पावलावर पाऊल टाकून चालतात.

मास्तर म्हणजे वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा. बाबांनी तरुणपणी बांधलेला. आत एक मोठा क्रिस्टल आणि त्याला दिवसरात्र ऊब देणारी तार, म्हणजे थंडी-उन्हाळ्याची त्याला खबरच लागत नाही. कार्यशाळेतलं प्रत्येक मोजमापाचं यंत्र मास्तरांच्या वायरीला जोडलेलं आहे. इथे सेकंद म्हणजे मास्तर सांगतील तो.

मांजर फार शेफारलंय. वर्षानुवर्षं मास्तरांच्या डोक्यावर झोपायचं, आता काही दिवसांपासून माझ्या चार्जरवर पथारी पसरतं. पंख्यात केस जातात. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हातारं झालंय, त्याला हवं तिथे झोपू दे." घरात लाड मांजराचे, बोलणी मला.

१० मार्च, सोमवार

वन्सं यंत्र घेऊन गेली. जाताना तोंड उघडलं ते एवढ्यासाठी, "वहिनी, नॉब छोटे आहेत." यंत्राचं वजन जुन्याच्या निम्मं, बॅटरी दिवसभर पुरते, आणि हिला दिसले नॉब.

मी म्हटलं, "तुझे हात मोठे आहेत."

"हातमोजे घालून फिरवायला लागतात गं. बाहेर पहाटेचं शूटिंग असतं." मग तिनं पट्टा खांद्यावर टाकला, जिना उतरली आणि परत वर आली. जास्तीची बॅटरी मागितली, जास्तीची केबल मागितली, पावसाचं कव्हर मागितलं. जोडीला म्हणून नेलेल्या यंत्राचे एवढे लाड कशाला, कोण जाणे. दिलं सगळं.

१४ मार्च, शुक्रवार

मोठे नॉब बसवलेली वरची पट्टी घेऊन वन्संच्या घरी गेले. ती शूटिंगला, घराची एक किल्ली आमच्याकडे असते. टेबलावर ठेवून फोन केला तर आधी म्हणाली, "तू घरात कशाला शिरलीस? खालच्या दुकानात द्यायचं." मग म्हणाली, "बरं, निघ आता, घर आवरलेलं नाही."

आवरलेलं नव्हतंच. बाबांनी स्वतः तिला जोडून दिलेला जुना रेकॉर्डर कपाटावर पडलाय, वर बोटभर धूळ आणि धुळीवर कपड्यांचे चिमटे. झाकणसुद्धा नाही. मी फडक्यानं पुसून पिशवी घातली. बापानं केलेल्या वस्तूची ही किंमत. बाबांना मात्र सांगितलं नाही, उगाच जिवाला लागायचं.

१७ मार्च, सोमवार

आज हर्ष झाला आणि लगेच विरजण पडलं.

वन्संनं एक तुकडा ऐकायला पाठवला. बाई खिडकीशी उभी आहे आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मुलाशी कुजबुजते. बाबांच्या यंत्रावर अशा ठिकाणी मागे बारीक खसखस यायची, वाळूसारखी. यावर काही नाही. बाई बोलते, थांबते, आणि त्या थांबण्यात तिची बांगडी कठड्याला लागल्याचं ऐकू येतं. मी हेडफोन बाबांच्या कानाला लावला. त्यांना आता वरचे बारीक आवाज कमी येतात, पण त्यांनी डोळे मिटले आणि तुकडा पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा. मग गॅलरीत जाऊन उभे राहिले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, सुनेचं कौतुक तोंडातून कसं निघणार.

वन्संला फोन केला. म्हटलं, कसा वाटला? म्हणाली, "बरा आहे." बरा. ताप उतरल्यावर म्हणतात तसा.

२० मार्च, गुरुवार

सिनेमाच्या एडिटरचा फोन. सकाळच्या शॉटना आवाज ओठांवर चपखल बसतो. दुपारनंतर सरकत जातो. संध्याकाळच्या शॉटमध्ये माणूस तोंड उघडायच्या आधी त्याचं बोलणं ऐकू येतं. रोज असंच.

आधी धसका घेतला. मग राग आला, रागानं जरा बरं वाटलं. म्हटलं, तुमचा कॅमेरा पळत असेल. नाचता येईना अंगण वाकडं. शूटिंग आटोपल्यावर यंत्र रात्रीपुरतं मागवून घेतलं, मास्तरांना जोडलं. तंतोतंत. दुसरा नग जोडला, तंतोतंत. तिसराही. बाकीच्या मीटरवर पाहिलं, सगळी मीटरं एकमुखानं सांगतात की माझी यंत्रं शहाणी आहेत. एडिटरला तसं कळवलं. तो म्हणाला, "मॅडम, तुमचे मीटर काय म्हणतात ते प्रेक्षकांना दिसणार नाही."

वन्संचा एकही फोन नाही. एरवी नॉबवरून जीव खाते.

२१ मार्च, शुक्रवार

मीच तिला फोन केला. म्हटलं, जुन्या यंत्रावरचा आवाज घे आणि माझं ठेव बाजूला, सिनेमा तरी वाचेल.

ती म्हणाली, "बघते."

"बघते काय? आज संध्याकाळी एडिटरला दे."

"वहिनी, तुझं यंत्र कुठे चुकतंय ते तू शोध. बाकीचं मी बघते." आणि ठेवला. आवाजात एवढा ताठा, जणू मी तिच्याकडे उसनं मागत होते. मनातून खूश असणार. बापाच्या यंत्राची बरोबरी करायला निघालेल्या सुनेची जिरली, आणखी काय हवं.

२२ मार्च, शनिवार

घंटावाल्यांच्या कागदावर सही केली. नवऱ्याला दिला, शाळेत जाता जाता टाक म्हटलं. त्यानं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बॅगेत ठेवला. निदान त्याला तरी वाईट वाटायला हवं होतं.

२४ मार्च, सोमवार

नीट लिहिते.

सकाळी हट्टानं कॅमेरे भाड्यानं देणाऱ्याकडून तीन कॅमेरे आणवले, तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे. मास्तरांना जोडले. तिन्ही घाईचे, तिन्ही जवळपास सारख्याच मापानं. मी नवऱ्याला विजयानं म्हटलं, बघ, सगळे कॅमेरे चुकीचे. तो कपडे वाळत घालत होता. म्हणाला, "वर्गात तीन मुलांचं उत्तर एकच आलं तर मी त्यांना शिक्षा करत नाही. मी आधी माझं उत्तर तपासतो." मी म्हटलं, यातलं तुला कळत नाही.

मग मांजराला चार्जरवरून उचललं, कारण मला चार्जर हवा होता. त्याच्या जुन्या जागी, मास्तरांच्या डोक्यावर नेऊन बसवलं. बसलंच नाही. पाय उचलून फळीवरून उडी मारली आणि परत चार्जरवर. मी चिडून पुन्हा नेलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याला ठेवताना माझाच तळहात पत्र्याला लागला. गार.

मास्तर गार म्हणजे ऊब देणारी तार मेलेली. ऊब नाही तर आतला क्रिस्टल मंद. मास्तर मंद, म्हणून त्यांच्या वायरीवरची सगळी मीटरं तितकीच मंद, आणि सगळ्यांची साक्ष एक. कारखान्यातून आलेले माझे क्रिस्टल बरोबर होते. मीच शहाण्यांचे कान पिळून त्यांना चुकीच्या पावलावर चालायला लावलं. उपग्रहावरून येणारी वेळ घेऊन पडताळलं. शंकाच उरली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा, आणि कळसा कुठे आहे हे मांजराला केव्हाच कळलं होतं.

बाबांना बोलावलं. त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. झाकण उघडलं तर तार एका सांध्यात सुटलेली. तो सांधा त्यांनी स्वतः जोडलेला. म्हणाले, "मी कधी वर हातच लावला नाही. मास्तर आहेत म्हटल्यावर कोण बघतंय." मी म्हटलं, "बाबा, मी तरी कुठे पाहिलं." सांधे डागायचा सोल्डरिंग आयर्न त्यांनी माझ्या हातात दिला. मी सांधा जोडला. थोड्या वेळानं डबा कोमट झाला तेव्हा ते म्हणाले, "आता हा बरोबर चालतो की नाही ते तुझ्या यंत्राला विचारत जा." त्यांनी असं का म्हटलं यावर मी अजून विचार करतेय.

मग वन्संला फोन. सगळं सांगितलं आणि म्हटलं, सुटलो, जुन्या यंत्राला यातलं काही बाधलेलं नाही, तोच आवाज वापर.

"वहिनी, जुन्यावरचा आवाज नाही."

"नाही म्हणजे?"

"मी ते नेलंच नाही. पहिल्या दिवसापासून तुझ्याच यंत्रावर आहे सगळं."

सबंध सिनेमा, ते बाईचं कुजबुजणं, पहाटेचं बाहेरचं, सगळं माझ्या एका यंत्रात. म्हटलं, "अगं वेडी आहेस का तू? डायरेक्टरला ठाऊक आहे?"

"दोन यंत्रं गळ्यात अडकवून गेले असते तर सेटवर सगळ्यांनी एकच विचारलं असतं, वहिनीच्या यंत्रावर तुमचाच भरवसा नाही का. मग कुणी घेतलं असतं का ते?" आणि मग तिचा नेहमीचा सूर, "आता रडत बसू नकोस. आवाज वाचव."

कपाटावरची धूळ मी माझ्या हातानं पुसली होती. तेव्हा मला काही म्हणजे काही कळलं नाही.

२५ मार्च, मंगळवार

यंत्र चुकलं होतं, पण रोज तेवढंच, मिनिटामिनिटाला तेवढंच. थंड पहाटे तेवढंच आणि दिव्यांच्या धगीत तेवढंच. क्रिस्टल हलणारा असता तर प्रत्येक शॉट हातानं ओढून बसवावा लागला असता आणि एडिटरनं माझ्या नावानं खडे फोडले असते. हा हलला नाही, म्हणून एकच आकडा सगळ्यांना लागू. तिन्ही यंत्रांचे स्क्रू जागेवर आणले, आकडा काढला, एडिटरच्या खोलीत जाऊन त्याला दिला.

त्यानं तो घातला आणि शूटिंगच्या पहिल्या आठवड्यातला संध्याकाळचा शॉट लावला. बाईनं तोंड उघडलं आणि शब्द तिच्या ओठांतून आला. पुढचा शॉट. आला. त्याच्या पुढचा. तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "मॅडम, इतक्या शिस्तीत चुकणारं यंत्र मी जन्मात पाहिलं नाही." मग फोन उचलून हीच गोष्ट त्यानं माझ्यासमोर दोन रेकॉर्डिस्टना सांगितली, हसत हसत. मला वाटलं गेली लाज वेशीवर. पण ते दोघे संध्याकाळी कार्यशाळेत आले आणि म्हणाले, "तो फ्रिजमधला क्रिस्टल दाखवा."

२६ मार्च, बुधवार

पहाटे दचकून उठले, घंटावाल्यांचा कागद. नवऱ्याला हलवून विचारलं, टाकलास ना? त्यानं बॅग उघडली. कागद होता तिथेच, वह्यांच्या मधोमध, घडीसुद्धा न मोडलेला. "अरेच्चा, विसरलोच," म्हणाला आणि कूस बदलून झोपला. या माणसाला दूध आणायला सांगितलं तर दोनदा आठवण करावी लागते. आज मात्र त्याच्या विसरभोळेपणाचा मुका घ्यावासा वाटला.

मॅनेजरला फोन करून नाही सांगितलं. सज्जन माणूस, म्हणाला, "घंटेचा आवाज नाही आवडला का?" मी म्हटलं, "आवाज चांगला आहे हो, पण मला दाराच्या आतलं ऐकायची सवय आहे."

३० मार्च, रविवार

वन्संचा हुकूम होता, "शेवटचा दिवस आहे, ये. हात मागे बांधून उभी राहा, कशाला हात लावू नकोस." बाबा म्हणाले, मीही येतो.

बंद पडलेल्या दवाखान्यातलं शूटिंग. बाकं, कुलूप लावलेली औषधांची खिडकी, भिंतीवर उंची मोजायची पट्टी. आई आणि मुलगा शेजारी बसून बोलतात, सबंध संवाद एका दमात. वन्संच्या पोटावर माझं यंत्र आणि तिची नजर एकदाही त्याच्याकडे गेली नाही. डोळे नटांच्या ओठांवर, बोटं नॉबवर. मोठ्या नॉबवर. डायरेक्टर बाईंनी शॉट संपला म्हटल्यावर टाळ्या पडल्या, दिवे उतरवायला माणसं शिडीवर चढली, आणि वन्संनं हात वर केला.

"कुणी हलायचं नाही. खोलीचा आवाज घ्यायचाय."

हे मी ऐकून होते, पाहिलं आज. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. ती टिपून ठेवावी लागते, संवादांमधल्या फटींत भरायला. सगळा तांडा होता तिथे थिजला. दिवेवाला एक पाय शिडीवर ठेवून, चहावाला किटली हवेत धरून, डायरेक्टर बाई बुटाचा बंद बांधता बांधता वाकलेल्या. बाबा भिंतीला टेकून. ही सगळी माणसं माझ्या यंत्रासाठी श्वास धरून उभी होती. वन्संनं स्वतःचा हेडफोन काढला आणि माझ्या कानांवर चढवला.

तापलेले दिवे निवताना टिकटिकत होते. कुणाचं तरी पोट गुरगुरलं. लांब कुठेतरी दार लागलं. बाबांचा श्वास मी ओळखला. यंत्राचा कुठे मागमूस नव्हता, फक्त खोली होती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि नाक ओढायचीही चोरी, तेही रेकॉर्ड झालं असतं.

मग वन्सं माइककडे वाकली. शेवटी नोंद बोलायची असते, सिनेमा कुठला, जागा कुठली, तारीख काय. ते सगळं ती बोलली. नंतर म्हणाली, "आवाज मी घेतलाय. यंत्र माझ्या वहिनीनं केलंय. यापुढे माझं हेच." ती तशीच उभी राहिली, बटण दाबायचं विसरून, आणि तिनं सांगितल्याशिवाय कुणी हलेना. चहावाल्याचा हात भरून आला असणार.

शेवटी मीच म्हटलं, "झालं."

तेही त्यात आलं. रात्री घरी आम्ही चौघांनी ते ऐकलं. माझा आवाज रडका आहे, पण एकूण एक अक्षर स्वच्छ ऐकू येतं. बाबांनी पुन्हा लावायला सांगितलं.